नेटवर्कची वही: काय लिहायचं आणि काय मुद्दाम सोडायचं

दादरमधली एक जुनी इमारत, दुसरा माळा, जिन्याशेजारच्या भिंतीला ठोकलेला छोटा रॅक. आत २४ पोर्टचा स्विच (सगळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारा डबा), त्याच्यावर पॅच पॅनेल (भिंतीतल्या वायरी जिथे येऊन संपतात ती पट्टी), बाजूला खिळ्याला लटकवलेला इंटरनेटवाल्याचा ओएनटी (फायबर जिथे संपते तो डबा) आणि एकाच करड्या रंगाच्या २२ वायरी. लेबल एकीवरही नाही. सोमवारी साडेदहाला काउंटरवर रांग लागलेली असताना नेटवर्क बसतं, आणि रॅकसमोर उभ्या असलेल्या माणसाला कुठली वायर कुठे जाते तेच कळत नाही. ज्याला माहीत होतं तो दिवाळीनंतर नोकरी सोडून गेला.

पतसंस्था, शाळा, ट्रस्टचं रुग्णालय, अंधेरीच्या गाळ्यातला कारखाना, अशा अनेक ठिकाणी नेटवर्क कुणी आखलेलं नसतं, ते वाढत गेलेलं असतं. आधी दोन संगणक आणि एक प्रिंटर, मग कॅमेरे, मग हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, मग वायफाय. प्रत्येक वेळी वेगळा व्हेंडर आणि प्रत्येकाची वेगळी पद्धत. त्याची नोंद करायला बसलं की पहिला मोह होतो सगळंच लिहून काढायचा. तो आवरा. स्विच, फायरवॉल (आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणारं उपकरण) आणि सर्व्हर जे स्वतः सांगू शकतात ते हाताने लिहू नका, कारण ते आठवड्याभरात शिळं होतं. त्यांना जे सांगता येत नाही तेवढंच लिहा.

उदाहरणार्थ, १७ नंबरचा पोर्ट चालू आहे, वेग १ गिगाबिट आहे आणि पलीकडच्या यंत्राला कारखान्यात मिळालेला ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस अमुक आहे, एवढं स्विच सांगतो. पण ती वायर केसिंगमधून हिशेब विभागाच्या कपाटामागे जाते, तिच्या टोकाला बॅकअपचा डबा आहे, आणि रात्री १ ते ४ तिला हात लावायचा नाही, हे कुठल्याच स्विचला माहीत नसतं. वही त्यासाठी.

आधी पायी फिरायचं

सुरुवात संगणकासमोर बसून होत नाही. कामाचे तास संपल्यावर किंवा सुट्टीच्या शनिवारी दोघांनी मिळून फिरायचं: एक रॅकपाशी, एक टेबलांपाशी, दोघांचे फोन चालू. हातात टोनर हवा. त्याचा एक भाग भिंतीवरच्या आय/ओ बॉक्समध्ये (नेटवर्कची वायर खोचायच्या डबीत) लावला की वायरीत सूर सोडतो, आणि दुसरा भाग रॅकमधल्या वायरींवरून फिरवला की योग्य वायरीपाशी मोठ्याने वाजतो. चालू स्विचला जोडलेल्या वायरीवर काही स्वस्त टोनर नीट ऐकू येत नाहीत, म्हणून ती वायर तेवढ्यापुरती पॅनेलवरून काढावी लागते. एका पोर्टला सरासरी ४ मिनिटं धरली तर ६० पोर्टांना ४ तास. एका दुपारचं काम आहे, पण चहा धरून.

वायर काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं, ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि ती वाईट आहे. माणूस लगेच ओरडतो, बॅकअप ओरडत नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही ओरडत नाही. ते बंद पडल्याचं चोरी झाल्यावर कळतं.

फिरताना सापडणारी सगळ्यात उपद्रवी वस्तू म्हणजे टेबलाखालचा ५ किंवा ८ पोर्टचा साधा स्विच. एका आय/ओवर चार संगणक चालवायचे म्हणून कुणीतरी तो कधीतरी लावलेला असतो. त्याला स्वतःचा आयपी पत्ता नसतो, त्यामुळे कुठल्याही स्कॅनमध्ये तो दिसत नाही. त्याला पकडायची युक्ती सोपी आहे. मोठ्या स्विचचं मॅक टेबल, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठले मॅक पत्ते आहेत ती यादी, काढा. एकाच पोर्टवर चार-पाच पत्ते दिसले की पलीकडे असा स्विच किंवा वायफायचा डबा आहे असं समजा आणि उठून बघा. वहीत याची नोंद हवीच, कारण नेटवर्क अचानक संपूर्ण बसण्याचं एक नेहमीचं कारण तिथेच असतं: कुणाला तरी वायरीचं मोकळं टोक दिसतं, तो ते त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचतो, आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात जातात. माहितीची पाकिटं गोल गोल फिरायला लागतात, काही सेकंदांत सगळ्या स्विचचे दिवे एका तालात लुकलुकतात आणि कुणालाच काही मिळत नाही. टेबलाखालचे स्विच कुठे कुठे आहेत हे माहीत असेल तर शोध पाच जागांपुरता उरतो.

लेबल दोन्ही टोकांना एकच हवं. ‘३ए-१७’ म्हणजे तिसरा माळा, ए पॅनेल, १७ वा पोर्ट. आय/ओच्या झाकणावर तेच, पॅनेलवर तेच, आणि वायरीवर टोकापासून वीतभर आत तेच. लेबलवर माणसाचं नाव लिहू नका. ‘पाटीलसाहेब’ असं लिहिलेल्या वायरीवर आज कुणीतरी तिसराच बसलेला असतो. कागदाच्या पट्टीवर बॉलपेनने लिहून वर सेलोटेप मारलेली लेबलं मुंबईचा एक पावसाळा जेमतेम काढतात. दमट हवेत टेपचा गोंद सुटतो आणि शाई पसरते. लॅमिनेटेड टेपचा छोटा लेबल प्रिंटर घ्या, तो पैसे वसूल करतो.

लांबीही लिहून ठेवा. तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे: भिंतीतली पक्की वायर ९० मीटरपर्यंत आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. मोजायला टेप लागत नाही. खोक्यातून येणाऱ्या केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन टोकांचे आकडे वाचा आणि वजाबाकी करा. जुन्या गिरणीच्या आवारातल्या लांबलचक गाळ्यांमध्ये ही वजाबाकी ११०-११५ निघाली, तर तिथला संगणक अधूनमधून का तुटतो याचं कारण मिळण्याची शक्यता बरीच असते.

नकाशे दोन, एकात एक नाही

लोकलच्या डब्यात दारावर लावलेला नकाशा आठवा. चर्चगेटपासून सरळ रेष, तिच्यावर ठिपके, दादरला मध्य रेल्वेची रेष भेटते. कुठे उतरायचं, कुठे बदलायचं यासाठी तो पुरेसा आहे. पण रुळावर काम करणाऱ्या गँगमनला तो उपयोगाचा नाही. त्याला कुठला रूळ, कुठला सांधा, कुठला खांब ते हवं असतं.

नेटवर्कचेही असेच दोन नकाशे लागतात. पहिल्यात पत्त्यांचे गट, व्हीएलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं), गेटवे (गटाबाहेर जायचं दार), फायरवॉल आणि शाखांना जोडणारे व्हीपीएनचे बोगदे दाखवायचे. दुसऱ्यात माळे, रॅक, पॅनेल, वायरी आणि केसिंगचा मार्ग. दोन्ही एकाच कागदावर घुसवले की कोळ्याचं जाळं तयार होतं आणि ते कुणीच वाचत नाही. पहिला नकाशा ए-४ वर मावला पाहिजे. मावत नसेल तर त्यात नको ते भरलंय. स्विच एकमेकांना कसे जोडलेत हे काढायला एलएलडीपी वापरा. ही सोय चालू असलेली उपकरणं आपल्या शेजाऱ्याचं नाव आणि पोर्ट सांगतात. नकाशा त्यावरून काढा, आठवणीवरून नको.

उपकरणांची नावं ठरवताना जागा, माळा, प्रकार, क्रमांक एवढं पुरे: ‘दादर-०२-स्विच-०१’. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत टाकावं लागतं, कारण उपकरणं देवनागरी घेत नाहीत. देवांची आणि किल्ल्यांची नावं द्यायची हौस अनेकांना असते. ‘सिंहगड’ बंद पडला असा फोन आला की तो भांडुपला आहे की लालबागला, हे नव्या माणसाने कुठून ओळखायचं?

पत्त्यांची आखणी

आतल्या नेटवर्कसाठी जगभर तीनच पट्टे राखून ठेवलेले आहेत: १०.०.०.० पासूनचा, १७२.१६.०.० पासूनचा आणि १९२.१६८.०.० पासूनचा. ही वाटणी १९९६ पासून तशीच आहे. यातला १९२.१६८.१ हा गट कार्यालयात टाळा. घरोघरचे अनेक राउटर तोच गट घेऊन येतात. कल्याणहून घरबसल्या व्हीपीएनने (इंटरनेटवरून कार्यालयात येणाऱ्या सुरक्षित वाटेने) जोडलेल्या कर्मचाऱ्याने १९२.१६८.१.५० वरचा कार्यालयाचा सर्व्हर मागितला, तर त्याचा लॅपटॉप तो घरातच शोधतो. मग ‘व्हीपीएन जोडलंय म्हणतंय, पण टॅली उघडत नाही’ अशी तक्रार येते.

मोठा, १० चा पट्टा घ्या आणि पत्त्यालाच बोलतं करा. समजा दादर, लालबाग आणि भांडुप अशी तीन कार्यालयं आहेत. दुसरा आकडा कार्यालयाचा: १, २, ३. तिसरा आकडा कामाचा: १० कर्मचारी, २० प्रिंटर आणि हजेरीची यंत्रं, ३० कॅमेरे, ४० पाहुण्यांचं वायफाय. मग कुणी फोनवर १०.२.३०.१५ असं सांगितलं की लालबागचा कॅमेरा हे वही न उघडता कळतं. व्हीएलॅनचे क्रमांकही तेच ठेवा. १ ते ४०९४ पर्यंत जागा आहे, काटकसर करायची गरज नाही.

प्रत्येक गटात २५४ पत्ते वापरता येतात. त्यांची वाटणी एकदाच ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा: १ गेटवेला, २ ते १९ स्विच आणि वायफायच्या डब्यांना, २० ते ४९ हाताने दिलेल्या पक्क्या पत्त्यांना, १०० ते १९९ डीएचसीपीला (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला). बाकी मोकळं.

ही शिस्त मोडली की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. कुणीतरी प्रिंटरला हाताने १२० हा पत्ता दिला, आणि १२० तर डीएचसीपीच्या हद्दीत. दिवसभर काही बिघडत नाही, कारण पत्ता देण्याआधी अनेक डीएचसीपी सर्व्हर तो पत्ता कुणी वापरतंय का ते विचारून बघतात आणि प्रिंटर ‘मी आहे’ म्हणतो. पण संध्याकाळी शिपाई जाताना प्रिंटर बंद करतो. सकाळी पहिला लॅपटॉप येतो, १२० मोकळा पडलेला दिसतो, तो त्याला मिळतो. नंतर प्रिंटर चालू होतो आणि दोघांचं भांडण लागतं. आठवड्यातून दोनदा, फक्त सकाळी, कधी प्रिंट येत नाही तर कधी लॅपटॉप तुटतो. व्हेंडर दुपारी येतो तेव्हा सगळं ठीक असतं आणि तो प्रिंटरचं ड्रायव्हर बदलून जातो. पत्त्यांची एक ओळ वहीत असती, तर हे दोन मिनिटांत दिसलं असतं.

दुसरा असाच प्रकार: कॅमेरेवाला आपल्या सोयीसाठी एक छोटा राउटर लावून जातो आणि तोही पत्ते वाटायला लागतो. काही संगणकांवर अचानक १९२.१६८.० चा पत्ता दिसला, तर नेटवर्कमध्ये दुसरा डीएचसीपी शिरलाय. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उलट कुणीच पत्ता दिलेला नाही. या दोन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इंटरनेटचं पान

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं आणि सगळ्यात कमी लिहिलं जाणारं पान हे. प्रत्येक लाइनसाठी: कंपनी, सर्किट आयडी, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, वेग, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी, बिलाची तारीख. सर्किट आयडी नसेल, तर कॉल सेंटर तक्रार नोंदवण्याआधी पत्ता आणि जुनं बिल विचारण्यातच बराच वेळ घालवतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खात्यावर कुणाचा मोबाइल आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरवर ओटीपी जात असेल, तर ती लाइन तुमची असूनही तुमच्या हातात नाही. संस्थेच्या डोमेनचंही (वेबसाइट आणि ईमेलच्या नावाचंही) तेच. ते कुणाच्या तरी खासगी ईमेलवर नोंदलेलं असतं, नूतनीकरणाची सूचना तिकडे जाते आणि एका सकाळी वेबसाइट आणि ईमेल दोन्ही गायब. नंबर आणि ईमेल संस्थेच्या नावाचे करून घ्या, मग वहीत लिहा.

दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या म्हणजे एक पडली तरी दुसरी चालेल, असं आपण धरून चालतो. पण पावसाळ्याआधी रस्ता खणला गेला आणि दोन्ही फायबर एकाच डक्टमधून येत असतील, तर दोन्ही एकदम जातात. म्हणून फायबर इमारतीत कुठून शिरते तेही लिहा: रस्त्यावरच्या डक्टमधून की शेजारच्या गच्चीवरून, कुठल्या शाफ्टमधून खाली उतरते, जोडाची पेटी कुठल्या माळ्यावर आहे. लाइनमन आला की त्याच्याबरोबर गच्चीवर जा आणि फोटो काढा. गच्चीची चावी वॉचमनकडे असते की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि रविवारी कुणाकडे, हेही याच पानावर. हसू नका, रविवारी लाइनमन खाली उभा असतो आणि चावी विरारला गेलेली असते.

वीज आणि पाणी

रॅक कुठल्या एमसीबीवर आहे, यूपीएस किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), बॅटरी कधी बदलली, आणि प्रत्यक्ष लोड टाकून मोजलं तेव्हा किती मिनिटं चालला. शेवटचा आकडा कंपनीच्या पुस्तकातून उतरवू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगराची वीज गेली आणि काही भागांत ती यायला तासन्‌तास लागले. अशा दिवशी यूपीएस संपतो आणि सगळी उपकरणं शून्यापासून सुरू होतात. बदल करून जतन न केलेली संरचना (उपकरणाची सेटिंग्ज) तेव्हा पुसली जाते. अनेक स्विचमध्ये चालू संरचना आणि जतन केलेली संरचना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोणतं उपकरण आधी चालू करायचं तो क्रमही लिहा: ओएनटी, फायरवॉल, मुख्य स्विच, सर्व्हर, मग बाकीचे.

पीओई स्विचच्या (नेटवर्कच्या वायरीतूनच उपकरणांना वीज देणाऱ्या स्विचच्या) नोंदीत वॉटचा हिशेब हवा. ३७० वॉटचा २४ पोर्टचा स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देऊ शकतो; पण ३० वॉटची उपकरणं लावली तर १२ वरच हात आखडतो. कॅमेरे वाढत गेले की गंमत होते. दिवसा सगळे चालतात, रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचे) दिवे लागल्यावर खप वाढतो आणि शेवटचा कॅमेरा बंद पडतो. सकाळी तो पुन्हा चालू, आणि कॅमेरा खराब म्हणून बदलला जातो.

रॅक जमिनीपासून किती उंचीवर आहे हाही एक रकाना ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरचा सर्व्हर बुडायला एवढा पाऊस लागत नाही, भरतीच्या वेळी पडलेला त्याच्या पावपटही पुरतो.

‘का’ ची नोंद

फायरवॉलमधला नियम काय आहे ते फायरवॉल दाखवतो. तो का आहे ते दाखवत नाही. म्हणून प्रत्येक नियमासोबत तीन गोष्टी: कुणी मागितला, कशासाठी, कधीपर्यंत. ‘सॉफ्टवेअर व्हेंडरला दुरून प्रवेश, हिशेब विभागाची मागणी, ३१ मार्चपर्यंत’ एवढी एक ओळ. ती नसेल, तर तो नियम काढायची हिंमत पुढे कुणाचीच होत नाही आणि दार वर्षानुवर्षं उघडं राहतं.

लॉग (उपकरणांनी ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी) कुठे साठतात, किती दिवसांचे, कोण काढून देऊ शकतो, हेही इथेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ते ६ तास लॉग शोधण्यात जाऊ नयेत. सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळलेली नसतील, तर सापडलेल्या लॉगचाही मेळ बसत नाही.

वही ठेवायची कुठे

एका कार्यालयाला स्प्रेडशीट आणि ड्रॉ-आयओमध्ये काढलेले दोन नकाशे पुरतात. शाखा वाढल्या की नेटबॉक्स बघा. डिजिटलओशनमध्ये तयार झालेलं आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर रॅक, वायरी आणि पत्ते एकमेकांना बांधून ठेवतं. स्विचच्या संरचनेची प्रत रोज आपोआप काढायला ऑक्सिडाइज्ड हे सॉफ्टवेअर आहे. काल आणि आज यात काय बदललं तेही त्यातून दिसतं. पण सॉफ्टवेअर निवडण्यात महिना घालवून रॅकपाशी कुणी गेलंच नाही, असं होऊ देऊ नका.

वही फक्त संस्थेच्या सर्व्हरवर असेल, तर सर्व्हर पडल्यावर ती उघडणार नाही. एक प्रत बाहेर, एक छापील. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला एक ए-४: पहिला नकाशा, इंटरनेटचे सर्किट आयडी, चालू करायचा क्रम आणि खाली छापल्याची तारीख. तारीख नसलेल्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा?

पासवर्ड वहीत नको. ते कीपास किंवा बिटवॉर्डन अशा पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याचा मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. वहीत फक्त पाकीट कुठे आहे ते. नकाशा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका, कारण चोराला हवा असतो तो हाच कागद.

वही जिवंत ठेवायचा सगळ्यात चालणारा उपाय हिशेब विभागाकडे आहे: नोंद बदलल्याशिवाय व्हेंडरचं बिल पास करायचं नाही. शिवाय दर तीन महिन्यांनी वहीतल्या कुठल्याही १० ओळी उचला आणि जागेवर जाऊन ताडा. दोनपेक्षा जास्त चुकल्या तर सगळं पुन्हा फिरा. यंत्र काढून टाकलं की त्याचा डीएचसीपीमधला राखीव पत्ता, डीएनएसमधलं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतलं) नाव आणि फायरवॉलमधला नियम तिन्ही काढा. वायर भिंतीतच राहते, तिला वहीत ‘रिकामी’ लिहून तारीख टाका. पुढचा माणूस नवी वायर ओढायला भिंत फोडण्याआधी तीच शोधत येणार आहे.